गोंड म्हणतात ते कोण, कोयतूर म्हणतात ते कोण?

या भागाचं लिखित रूप नेहमीसारखंच आहे. म्हणजे बोललो तसंच, फक्त 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत. वेळेसाठी ऑडिओतून कापलेला एक तुकडा इथे पूर्ण दिला आहे.

सुरुवात आमच्या बिरसीपासून करू. गोंदिया शहराजवळचं गाव, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. मार्च २०२२ पासून प्रवासी विमानंही यायला लागली. आता गंमत बघा. तिकिटावर छापलेलं असतं 'गोंदिया', कोड जीडीबी. पण इथे ऑटोवाल्याला तुम्ही 'गोंदिया विमानतळ' म्हणालात, की तो समजतो हे बाहेरचे पाहुणे. इथे सगळे 'बिरसी'च म्हणतात. जागा एक, नावं दोन. एक आतल्या माणसांचं, एक बाहेरच्यांच्या सोयीचं. यात कोणाचं काही बिघडत नाही.

पण हीच गोष्ट जागेऐवजी माणसांची झाली तर? आणि बाहेरच्यांनी ठेवलेलं नावच कागदावर कायमचं बसलं तर?

गोंदिया या नावाबद्दल आमच्याकडे दोन गोष्टी सांगतात. एक म्हणते इथे गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख यांचा बाजार भरायचा, म्हणून गोंदिया. दुसरी म्हणते इथे गोंड राहायचे, म्हणून गोंदिया. चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंचे लोक भेटतात. मला आज त्या वादात पडायचं नाही. मला त्या दुसऱ्या गोष्टीतल्या 'गोंड' शब्दाबद्दल बोलायचंय. कारण ज्यांना आपण गोंड म्हणतो, ते आपल्या भाषेत स्वतःला गोंड म्हणत नाहीत. ते म्हणतात कोया, कोयतोर, कोयतूर. एकासाठी कोयतोर, अनेकांसाठी कोयतूर. शेवट बदलतो, 'कोय' तसाच राहतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचा मिशनरी होता, ज्याच्या नावाचं कॉलेज तुम्हाला माहीत असेल. त्याने गोंडांमध्ये फिरून टिपणं काढली, एका परधानाकडून लिंगोची लांबलचक गाथा उतरवून घेतली. १८६३ मध्ये तो वारला आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने ती टिपणं छापली. त्यातही कोयतोर हे नाव आहे. १९०६ मध्ये ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड आला, मुंडा आणि द्रविड भाषांचा. त्यातही हेच, की हे लोक स्वतःला 'कोइ' म्हणतात. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ आला, तिथेही तीच नोंद. म्हणजे सरकारला दीडशे वर्षांपासून माहीत होतं. तरी प्रकरणाचं शीर्षक प्रत्येक वेळी 'गोंड'च.

मग गोंड शब्द आला कुठून? एक जुना तर्क असा की तेलुगूत 'कोंडा' म्हणजे डोंगर, डोंगरावरचे लोक म्हणून गोंड. ओडिशातल्या 'खोंड' किंवा 'कंध' लोकांचं नावही त्याच डोंगरावरून आलं असं म्हणतात. दुसरे लोक 'गौड'पर्यंत जातात. पक्कं काही ठरलेलं नाही. पण 'कोंडा' हा तर्क खरा मानला, तरी बोलणारा खाली मैदानात उभा आहे आणि वर बोट दाखवून 'ते डोंगरवाले' म्हणतोय, हे त्या शब्दातच दिसतं.

आणि हा बाहेरून आलेला शब्द किती लांब गेला बघा. मुघलांच्या बखरींमध्ये गेला, राणी दुर्गावतीच्या राज्याच्या वर्णनात गेला. 'गोंडवाना' झाला. १८७० च्या दशकात भूगर्भ खात्याच्या मेडलिकॉटने इथल्या खडकांच्या थरांना ते नाव वापरलं. पुढे १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अख्ख्या भूखंडाला 'गोंडवाना लँड' म्हटलं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, सगळं त्यात. म्हणजे अर्ध्या पृथ्वीला ज्यांचं नाव दिलं, ते नाव त्यांचं स्वतःचं नव्हतंच.

आता जरा चालायला लागू. गोंदियातून सालेकशाकडे गेलात तर तिथे कोयतूर. तिथून दक्षिणेला गडचिरोलीत कोरची, धानोरा. तिथेही कोयतूर. अजून खाली भामरागडला गेलात तर आपण त्यांना 'माडिया' म्हणतो. हेमलकशाच्या लोकबिरादरीमुळे हे नाव महाराष्ट्रभर माहीत झालंय. पण डब्ल्यू. व्ही. ग्रिगसनने १९३८ मध्ये बस्तरच्या माडियांवर पुस्तक लिहिलं, त्यात तो सांगतो की हे लोकही स्वतःला कोयतोर म्हणतात. इंद्रावती ओलांडली की मुरिया, तेही कोयतोर. सिरोंच्यावरून गोदावरी ओलांडून तेलंगणात गेलात की नावच 'कोया'. ओडिशात मलकानगिरीला पोचलात, तिथेही कोया. म्हणजे बाहेरच्यांची नावं प्रत्येक नदीला बदलली. आतलं नाव जवळजवळ तेच राहिलं.

'जवळजवळ' का म्हटलं, कारण भाषा काही सगळीकडे सारखी नाही. माझं आवडतं उदाहरण मिठाचं. आदिलाबादकडे मिठाला म्हणतात 'सोवर'. पुढे गेलं की काही भागात 'स'चा 'ह' होतो, 'होवर'. आणखी पुढे तो 'ह'ही गळून पडतो, उरतं 'ओवर'. भद्रिराजू कृष्णमूर्ती या मोठ्या भाषाशास्त्रज्ञांनी गोंडीतला हा बदल बारकाईने तपासला. त्यांचा मुद्दा साधारण असा की हा बदल एका दिवसात सगळ्या शब्दांना झाला नाही, तो शब्दाशब्दाने, गावागावाने पसरत गेला. म्हणजे दूरच्या दोन कोयतुरांना एकमेकांचं मीठ चटकन कळणार नाही. पण 'कोया' कळेल. ते नाव 'क'ने सुरू होतं ना, 'स'ची पडझड त्याला लागतच नाही. हे मला फार भारी वाटतं.

आता थोडं सावध होऊ या. कारण इथून पुढे व्हॉट्सॲपवर फिरणारे नकाशे सुरू होतात. गोंडीच्या नात्यातल्या भाषा बघितल्या तर ओडिशात 'कुई' आहे, तिच्याजवळ 'कुवी' आहे आणि आंध्रच्या डोंगरांमध्ये कोंडा-दोरांची भाषा आहे, तिला ते 'कूबी' म्हणतात. कृष्णमूर्तींच्या १९६९ च्या पुस्तकाच्या नावातच 'कोंडा किंवा कूबी' असं आहे. कोइ, कोया, कुई, कुवी, कूबी. एका ओळीत ठेवलं की वाटतं, झालं, एकच नाव! रसेलच्या काळातही लोकांना हा मोह झाला होता, की गोंड आणि खोंड मुळात एकच. भाषांचं नातं पक्कं आहे, तेलुगूसकट या सगळ्या द्रविड कुळाच्या एकाच शाखेत येतात. पण भाषा बहिणी आहेत म्हणून दोन नावं एकाच मुळातून आली असं होत नाही. कोइ आणि कोया एकच, यात शंका नाही. कुई, कुवी, कूबी ही एकमेकांना जवळची. या दोन गटांना जोडणारा पूल मात्र अजून कोणी भक्कम बांधलेला नाही. मी कोड लिहितो, मला दोन स्ट्रिंगमध्ये किती अक्षरं जुळतात ते मोजता येतं. त्यावरून त्यांचा आजोबा एक होता का, ते सांगता येत नाही.

असं जगात दुसरीकडे झालंय का? अगदी असंच झालंय. कॅनडा आणि अमेरिकेच्या मध्ये जी मोठी सरोवरं आहेत, त्यांच्या आजूबाजूला ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी हे मूळ रहिवासी राहतात. पुस्तकांत तीन वेगळी नावं. पण ओजिब्वे स्वतःला म्हणतात 'अनिशिनाबे'. ओडावांच्या बोलीत अशक्त स्वर गळत गेले, तिथे पहिला 'अ' पडून 'निश्नाबे' झालं. पोटावाटोमीत 'नेश्नबे'. बघा, आपल्या 'सोवर-होवर-ओवर'सारखंच, फक्त तिथे झीज नावालाच लागली, तरी नाव ओळखू येतं. आणि बाहेरच्यांनी काय केलं? 'ओजिब्वे' हा शब्द इंग्रजांच्या कानाने ऐकून अमेरिकेच्या करारांमध्ये 'चिप्पेवा' लिहिला. मध्ये सीमारेषा. अलीकडे चिप्पेवा, पलीकडे ओजिब्वे. आज तिकडची तरुण पोरं स्वतःची ओळख अनिशिनाबे म्हणून लिहितात. त्याच सुमारास इकडची पोरं इन्स्टाग्रामच्या बायोत 'कोयतूर' लिहायला लागली. एकमेकांना ओळखत नसतील, पण काम तेच चाललंय.

मग 'कोया'चा अर्थ काय? इथे आपल्या जिल्ह्याचाच एक मुक्काम येतो, कचारगड. सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनवर उतरायचं, धनेगाववरून वर चढायचं. वर प्रचंड मोठी गुहा आहे. कथा अशी की कली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगोने त्यांना बाहेर काढलं आणि त्यांच्यापासून गोत्रं सुरू झाली. माघ पौर्णिमेला इथे जत्रा भरते, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, सगळीकडून लोक येतात. १९८० च्या दशकात काही मोजके लोक इथे यायला लागले, त्यांत मोतीरावण कंगाली होते. रामटेक तालुक्यातले, नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी, आणि उरलेलं आयुष्य गोंडी भाषा-संस्कृतीवर. २०१५ मध्ये ते गेले. 'पारी कुपार लिंगो कोया पुनेम दर्शन' हे त्यांचं पुस्तक घराघरांत पोचलंय. त्यांच्या मांडणीत कोया म्हणजे गुहा, आईचं उदर. तिथून जन्मले ते कोयावंशी.

मला विचाराल तर भाषाशास्त्राच्या हिशेबाने हा अर्थ सिद्ध झालेला नाही. कंगालींनी सिंधू लिपीही गोंडीतून वाचली होती, तीही जाणकारांनी मान्य केलेली नाही. पण मी कोयतूर नाही, माझ्या घरात पोवारी चालते, आणि पौर्णिमेच्या रात्री त्या गुहेपाशी उभा राहिलेल्या माणसाला मी व्युत्पत्ती शिकवणार नाही. एवढं मात्र बघा की 'गोंड' या शब्दावर अशी गोष्ट कधी उभी राहिली नाही. आपल्या नावाचा अर्थ शोधायला लोक डोंगर चढतात. दुसऱ्याने ठेवलेल्या नावासाठी कोणी चढत नाही.

बरं, आता कागदावर येऊ. ऑडिओतून कापलेला तुकडा तो हाच.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत अठरावी नोंद गोंडांची आहे. त्या एका नोंदीत पन्नासच्या आसपास नावं आहेत. गोंड, राजगोंड, माडिया, मुरिया, मन्नेवार, नाईकपोड, ओझा, माना... आणि त्यात मधेच 'कोइतर' आणि 'कोया'. म्हणजे जे नाव सगळ्यांचं आहे, ते पन्नासातलं एक उपनाव म्हणून बसवलंय. मी काम करतो त्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की चुकीच्या कॉलममध्ये टाकलीय. आता गोदावरी ओलांडा. तेलंगणाच्या यादीत गोंडांच्या नोंदीत 'कोइतुर' आहे, इथे 'तर' तिथे 'तुर'. पण 'कोया' मात्र तिथे वेगळी नोंद, स्वतःच्या डझनभर उपनावांसकट. नदीच्या एका काठाला कोया हे गोंड, दुसऱ्या काठाला नाहीत.

तुम्ही म्हणाल, स्पेलिंग आहे, काय फरक पडतो? २००५ मध्ये बस्तरमध्ये सलवा जुडूम सुरू झालं. गावं जळली, माणसं पळाली, बरीच कुटुंबं गोदावरीकाठच्या तेलंगण-आंध्रच्या जंगलात गेली. घरी ते मुरिया होते, आपसात कोयतूर. नव्या ठिकाणी लोकांनी त्यांना 'गुत्ती कोया' नाव दिलं. दाखला राज्याप्रमाणे मिळतो, त्यामुळे छत्तीसगडमध्ये जे आदिवासी, ते तेलंगणात कागदावर आदिवासी नाहीत. जात प्रमाणपत्र नाही, वनहक्काचा दावा अडतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये सलवा जुडूमच्या विरोधात निकाल दिला. पण त्यांच्या पोरांच्या शाळेच्या फॉर्ममध्ये जमातीच्या रकान्यात काय लिहायचं, तो प्रश्न तसाच राहिला.

आणि आपल्या इकडचं उदाहरण तर नागपूरच्या प्रत्येक माणसाने रोज पाहिलंय. सीताबर्डीचा आदिवासी गोवारी उड्डाणपूल. त्याच अठराव्या नोंदीत 'गोंड गोवारी' असे दोन शब्द आहेत. हे एक नाव, की मध्ये स्वल्पविराम हवा होता? गोवारी समाजाचं म्हणणं की ते आम्हीच. सरकारचं म्हणणं की गोंड गोवारी वेगळे. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर मोर्चा आला. चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली, त्यांत बायका आणि मुलं किती तरी. ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आदिवासी संघटनांचा गोवारींना यादीत घ्यायला विरोध आहे, त्यांचीही बाजू आहे, आधीच अपुऱ्या जागांत वाटेकरी वाढतात. कोण बरोबर हे मी इथे पंधरा मिनिटांत ठरवणार नाही. पण कोर्टात इतकी वर्षं वाद चालला तो दोन शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागेवर, हे विसरू नका.

मोजणीचंही असंच. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार. कोया वेगळी मोजली, ती चार लाखांवर. आठव्या अनुसूचीत दोन्ही नाहीत. बोडो आहे, २०११ चे आकडे १४ लाख ८२ हजार. बोडोंना मिळालं ते त्यांनी लढून मिळवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुप्पट लोकांची भाषा बाहेर का, असं विचारलं की उत्तर मिळतं, नेमकी कोणती गोंडी? माडिया की आदिलाबादची? बालाघाटची? आधी पन्नास नावांत वाटायचं आणि मग विचारायचं, तुमचं एक नाव काय. काऊन भाऊ?

आमच्या क्षेत्रातही तेच झालंय. भाषांना तीन अक्षरी कोड देणारी एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. त्यात गोंडीचा एक छत्रकोड आहे, त्याखाली उत्तर गोंडी, अहेरी गोंडी, आदिलाबाद गोंडी. माडिया, मुरिया आणि कोया या छत्राच्या बाहेर. म्हणजे अहेरी आत, शेजारचं भामरागड बाहेर. लिपी तर दोन आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये बनवलेली मसराम गोंडी, आणि आदिलाबादच्या गुंजाळा गावातल्या जुन्या हस्तलिखितांत सापडलेली गुंजाळा गोंडी. पहिली २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, दुसरी २०१८ मध्ये. बालाघाट आमच्या गोंदियाच्या शेजारचा जिल्हा. रोजच्या वापरात मात्र आपल्या भागातले लोक गोंडी देवनागरीत लिहितात, तेलंगणातले तेलुगू लिपीत. त्यामुळे 'कोयतूर' हा शब्द गुगलवर शोधला तर अर्धे कोयतूर सापडतच नाहीत.

म्हणून सगळ्यांनी माडिया, मुरिया ही नावं टाकून एकच नाव लावावं का? मला नाही तसं वाटत. भामरागडच्या माणसाला माडिया म्हणवून घ्यायला आवडत असेल, तर ते त्याचं नाव आहे. छत्राला कोया म्हणा, खालची नावं राहू द्या. अनिशिनाबे लोकांनी ओडावा हे नाव कुठे टाकलंय? ठरवायचं मात्र त्यांनी, नोंद करणाऱ्याने नाही.

ठरवतायत, तेही सांगतो. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. नावात गोंड नाही, कोया आहे. शिक्षण विभागाने परवानगी नाही म्हणून २०२२ मध्ये नोटीस दिली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या शाळेवर एक वेगळा भाग करायचाय, तो अभ्यास चालू आहे.

तोपर्यंत तुमच्याकडून एक मदत हवी. ज्यांच्या घरी गोंडी, माडिया किंवा कोया बोलतात त्यांनी आजी-आजोबांना विचारून एक व्हॉइस नोट पाठवा. त्यात फक्त दोन गोष्टी सांगा. मिठाला तुमच्याकडे काय म्हणतात, सोवर, होवर की ओवर? आणि 'आपण लोक' म्हणायला कोणता शब्द वापरतात? गावाचं आणि तालुक्याचं नाव नक्की सांगा, नकाशावर टाचण्या लावतोय.